पांढरा रस्ता, काळी पाणंद

इटलीच्या टस्कनी प्रांतात, सिएना शहराच्या ईशान्येला, गायोले इन कियांती हे अडीच-पावणेतीन हजार वस्तीचं गाव आहे. ऑक्टोबरचा पहिला आठवडा आला की हे गाव जुन्या सायकलींनी भरून जातं. सर्वांत लांबचा पल्ला घेणारे स्वार पहाटे पाचच्या सुमारास, मिट्ट काळोखात निघतात. ब्रोलिओच्या गढीचा चढ सुरू होतो. दुतर्फा सायप्रसची झाडं, चाकाखाली पांढरी खडी आणि कडेला ओळीनं मांडलेले दिवे. त्या उजेडात दिसणारी सायकल आजच्या दुकानातली नसते. नियमच तसा आहे: बनावट १९८७ किंवा त्याआधीची हवी, गिअरचे खटके हँडलवर न असता खालच्या तिरक्या नळीवर हवेत, ब्रेकच्या तारा टेपखाली न लपवता हँडलपासून कमानीसारख्या बाहेरून आलेल्या हव्यात, पेडलला पाय अडकवायचा पिंजरा आणि चामडी पट्टा हवा. अंगात लोकरी जर्सी. सर्वांत लांब मार्ग २०९ किलोमीटरचा. त्यातला निम्म्याहून अधिक कच्चा, आणि एकूण चढाई साडेतीन हजार मीटरच्या वर. म्हणजे समुद्रसपाटीपासून दोनदा कळसूबाई चढायची आणि तरी काही चढ शिल्लक राहायचा.

या स्वारीचं नाव लेरोइका. ती शर्यत नाही. वेळ लावत नाहीत, पहिला-दुसरा काढत नाहीत. स्वाराजवळ एक पुस्तिका असते, ठरलेल्या गावी थांबून तिच्यावर शिक्का मारून घ्यायचा आणि पुढे निघायचं. थांब्यांवर हातात पाकिटातली एनर्जी जेल ठेवत नाहीत. शिळी भाकरी मुरवावी तसा पाव घालून केलेलं रिबोल्लिता नावाचं दाट भाजीचं सूप, पेकोरिनो चीज, सलामी, साखर भुरभुरलेला वाइनमध्ये भिजवलेला पाव, आणि ज्याला हवी त्याला कियांतीची वाइन. पुढे आशानोच्या बाजूला क्रेते सेनेसीचा करड्या चिकणमातीचा मुलूख लागतो. तिथे मोन्ते सान्ते मारिएच्या चढउतारांवर भलेभले खाली उतरून सायकल ढकलतात, आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही.

१९९७ साली गायोलेच्याच जानकार्लो ब्रोच्ची यांनी हे सुरू केलं तेव्हा ९२ जण निघाले होते. त्या काळात सिएनाच्या परिसरातले पांढरे रस्ते एकामागून एक डांबराखाली जात होते. इटालियन लोक त्यांना स्त्रादे बियांके म्हणतात. त्या डोंगरांतला चुनखडीचा दगड फोडून तो रस्त्यावर अंथरायचा, चाकांनी दाबला जाऊ द्यायचा, पावसानं वाहून गेला की पुन्हा टाकायचा, अशी शेकडो वर्षांची रीत. मळ्यातून गावात आणि गावातून मळ्यात जाणारे हे रस्ते. ब्रोच्ची यांना दोन गोष्टी टिकवायच्या होत्या. एक रस्ता, आणि दुसरी त्या रस्त्यावर कोप्पी-बार्ताली या सायकलपटूंच्या पिढीनं चालवलेली कष्टाची, धुळीची, स्वतःच पंक्चर काढायची सायकल. त्यांनी दोन्ही एकत्र बांधल्या. रस्ता वाचवायचा तर त्याच्यावर माणसं आणली पाहिजेत, हे त्यांना नेमकं कळलं होतं, आणि मला या सगळ्या उद्योगातला सर्वांत शहाणा विचार हाच वाटतो. नकाशावर हिरवी रेघ ओढून आणि पाटी लावून रस्ता टिकत नाही. त्याच्यावरून जाणारं कुणी असेल, त्या जाण्याचा कडेच्या घराला चार पैशांचा आणि थोड्या मानाचा लाभ असेल, तर तो टिकतो.

पुढे काय झालं ते सायकलीच्या जगात सर्वांना ठाऊक आहे. २०९ किलोमीटरच्या मार्गावर कायमचे फलक लागले, वर्षभर कुणीही तो चालवू शकतो. २००७ च्या ऑक्टोबरमध्ये याच रस्त्यांवर व्यावसायिक सायकलपटूंची शर्यत झाली, ती रशियाच्या अलेक्सांद्र कोलोब्नेवनं जिंकली. पुढच्या वर्षी ती मार्चमध्ये गेली, स्वित्झर्लंडचा फाबियान कान्चेलारा जिंकला, आणि आज स्त्रादे बियांके या नावानं ती वसंतातली एक मोठी शर्यत आहे. शेवट सिएनाच्या पियाझ्झा देल काम्पो या चौकात. २०१५ पासून स्त्रियांचीही होते. २०१० च्या जिरो द'इतालिया या शर्यतीचा एक टप्पा या मुलखातून मोन्ताल्चिनोला गेला तेव्हा धो धो पाऊस पडला. पांढऱ्या रस्त्याचा राडा झाला. जगज्जेत्याची इंद्रधनुषी जर्सी घातलेला कॅडेल एव्हान्स तो टप्पा जिंकला, पण त्या दिवसाच्या छायाचित्रांत त्याच्या जर्सीवरचे पट्टे चिखलातून शोधावे लागतात.

गावकऱ्यांनी गावच्या रस्त्यासाठी सुरू केलेल्या एका स्वारीतून व्यावसायिक शर्यत उभी राहिली. क्रम सहसा उलटा असतो, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

कच्च्या-पक्क्या मिश्र रस्त्यांवरची सायकल ही काही इटलीची एकट्याची मिरास नाही. इंग्लंडमध्ये १९५५ साली लेम्स्टर गावातल्या एका पबमध्ये चाळीसेक जणांनी जमून रफ-स्टफ फेलोशिप नावाची संस्था काढली. डांबराच्या पलीकडे, मेंढरांच्या वाटांनी आणि डोंगरखिंडींतून सायकल नेणाऱ्यांची ती पहिली संघटना, आजही चालू आहे. उत्तर फ्रान्समध्ये १८९६ पासूनची पॅरिस-रूबे शर्यत फरसबंद रस्त्यांवर जगते. तिथले दगड उखडले, गवतात बुडाले की ते पुन्हा बसवायला तिच्या चाहत्यांची संस्था राबते. तिथला आरेनबेर्गच्या जंगलातला भयंकर तुकडा १९६८ साली शर्यतीत आला तो जाँ स्ताब्लिन्स्की या सायकलपटूनं सुचवला म्हणून. सायकलपटू होण्याआधी तो त्याच जमिनीखालच्या कोळशाच्या खाणीत काम करत होता. रस्ता वरून माहीत असणं वेगळं आणि खालून माहीत असणं वेगळं, हे त्याच्याइतकं कुणाला कळणार!

अमेरिकेत गोष्ट आणखी निराळी. तिथल्या मध्य-पश्चिम भागात १७८५ च्या जमीन कायद्यानं मैल-मैल चौकोनांची आखणी झाली आणि त्या चौकोनांच्या कडांनी रस्ते पडले. शेताकडे जाणारे, खडीचे, हजारो मैल सरळ. आयोवात २००५ साली ट्रान्स आयोवा, कॅन्ससच्या फ्लिंट हिल्समध्ये २००६ साली ३४ स्वारांची २०० मैलांची स्वारी, असं करत करत तिथे ग्रॅव्हल नावाचा खेळच उभा राहिला. कॅन्ससची स्वारी आता अनबाउंड या नावानं प्रचंड मोठी झाली आहे, एका कंपनीच्या ताब्यात आहे. पण मला ओढ वाटते ती मिनेसोटातल्या अल्मान्झो १०० ची. २००७ साली ख्रिस स्कोगेन या माणसानं ती सुरू केली. तेव्हाची रीत अशी होती: १०० मैल, प्रवेशशुल्क शून्य, आणि नाव नोंदवायचं तर पोस्टकार्ड पाठवायचं. स्वतःच्या हातानं पत्ता लिहून, तिकीट लावून, पेटीत टाकायचं. एवढंसं केलं की माणूस त्या स्वारीत येण्याआधीच तिच्यात गुंततो.

आम्ही पुण्या-सासवडचे काहीजण पुरंदर तालुक्यात अशी स्वारी भरवू लागलो तेव्हा पोस्टकार्डाची युक्ती जशीच्या तशी उचलली. पन्नास पैशांचं पोस्टकार्ड, त्यावर नाव, वय, रक्तगट, सायकल कोणती, आणि घरच्यांपैकी एकाचा फोन. मराठीत लिहिलेली ती कार्डं वाचताना लिहिणारा कोण असेल याचा अंदाज येतो. कुणी सायकलीचं चित्र काढतं. परिंच्याकडच्या एका दूधवाल्या काकांनी सायकलीच्या रकान्यात "आहे तीच" एवढंच लिहिलं होतं, आणि ते खरोखर दुधाच्या किटल्या काढून ठेवून, बावीस इंची काळ्या सायकलीवर, कॅरिअरला पंप बांधून आले. गायोलेच्या नियमांत ती सायकल सहज बसली नसती, पण आमच्याकडे एकच नियम आहे, ब्रेक लागले पाहिजेत. जुन्या सायकलींची हौस ज्यांना पुरवायची असेल त्यांनी पुण्यात विक्रम पेंडसे यांचं सायकल संग्रहालय जरूर पाहावं. तिथे जुन्या सायकलींचे इतके प्रकार आहेत की लेरोइकाच्या वेडाचं मूळ तिथेच कळतं.

मार्ग शंभर किलोमीटरच्या आतबाहेरचा. सासवडहून निघायचं, परिंच्यावरून वीर धरणाकडे उतरायचं, नीरा डाव्या कालव्याच्या कडेनं नीरा गाठायचं, वाल्हे, जेजुरी करत परत सासवडला. मुलांसाठी आणि नवख्यांसाठी तीस किलोमीटरचा वेगळा फेरा. कागदावर हे एका ओळीत मावतं. जमिनीवर त्यात डांबर आहे, फुटलेलं डांबर आहे, मुरूम आहे, कालव्याच्या भरावाची घट्ट माती आहे, ओढ्यातली गोटेरी वाट आहे आणि काळ्या मातीची पाणंद आहे. या प्रत्येकाचा स्वभाव निराळा. मुरूम म्हणजे कुजत आलेला बेसाल्ट. तो ओला असला तरी पाणी पिऊन मोकळा होतो, चाक धरून ठेवतो. काळी माती त्याच बेसाल्टची, पण पूर्ण जिरलेली. ती पाण्यानं फुगते, वाळली की भेगाळते. पाऊस पडून गेल्यावर तिच्यात सायकल घातली तर चाक आणि फोर्क यांच्या मधली जागा अर्ध्या मिनिटात भरते आणि सायकल जागच्या जागी थांबते. मग काडी घेऊन खरवडत बसायचं. म्हणून पावसाळा संपल्यावर माती पुरती वाळायला वेळ द्यावा लागतो.

पण फार उशीरही चालत नाही, कारण उसाचा हंगाम. कारखाने पेटले की नीरा खोऱ्यातल्या रस्त्यांवर ट्रॅक्टरच्या जोड-ट्रॉल्या आणि बैलगाड्या लागतात. पहाटेच्या धुक्यात मागे दिवा नसलेली उसाची ट्रॉली सायकलस्वाराला दिसत नाही, हे सगळ्यांत आधी मनात ठेवून वेळापत्रक आखावं लागतं. मग पंचांग. सोमवती अमावास्येला खंडोबाची पालखी कऱ्हेवर जाते, त्या दिवशी जेजुरीत मुंगीला वाट नसते. चंपाषष्ठी टाळायची. माघात वीरच्या म्हस्कोबाची यात्रा, ते दिवस टाळायचे. गावोगावचे बाजाराचे वार बघायचे. शाळांच्या सहामाही परीक्षा बघायच्या. एवढं सगळं वगळून जो रविवार उरतो तो आमचा.

या पट्ट्यातल्या गावांना पाहुण्यांची गर्दी सांभाळणं शिकवावं लागत नाही. माउलींची पालखी दर वर्षी सासवड, जेजुरी, वाल्हे, नीरा याच वाटेनं जाते. लाखो माणसांना पाणी कुठे द्यायचं, कुणाच्या पडवीत किती जण झोपतील, भाकरी किती लागतील, हे इथल्या बायाबापड्यांना तोंडपाठ आहे. आम्ही पहिल्यांदा एका गावात नाश्त्याचं विचारायला गेलो तेव्हा बचतगटाच्या ताईंनी एकच प्रश्न विचारला, "जाणारी माणसं किती आणि किती वाजता?" बाकीचं त्यांनीच ठरवलं. पिठलं, भाकरी, ठेचा, मटकीची उसळ, ताक, आणि मिळतील तेव्हा पुरंदरची अंजिरं. ठरलेल्या रकमेतली निम्मी आधी द्यायची आणि उरलेली त्याच दिवशी सूर्यास्ताआधी, हा आमचा दंडक आहे. पैसे नंतर पाठवतो म्हणणाऱ्या पाहुण्याला पुढच्या वर्षी दार उघडं राहत नाही, आणि राहूही नये.

कागदपत्रं असतातच. पोलीस ठाण्याला पत्र, ग्रामपंचायतींना पत्रं, कालव्याच्या रस्त्यासाठी पाटबंधारे खात्याची परवानगी, ग्रामीण रुग्णालयाला कळवणं, १०८ ची गाडी कुठून किती वेळात येईल याची चौकशी. हे काम कंटाळवाणं आहे पण टाळता येत नाही. त्यापेक्षा जास्त वेळ जातो तो रेकीत. मार्ग पायी, मोटारसायकलवर आणि सायकलवर असा तिन्ही तऱ्हांनी बघावा लागतो, कारण मोटारसायकलला न दिसणारा खड्डा सायकलला दिसतो आणि सायकलला न दिसणारा काटा पायाला कळतो. सराटे हा या भागातला खरा शत्रू. रस्त्याच्या कडेला जमिनीसरशी पसरलेलं पिवळ्या फुलांचं नाजूक रोपटं, आणि त्याचं फळ कसंही पडलं तरी एक काटा वर. वेड्या बाभळीचा काटा निदान दिसतो. चाळीस मिलिमीटरच्या टायरमध्ये पस्तीस-चाळीस पीएसआय हवा आणि आत सीलंट असेल तर निभतं. पंचवीस मिलिमीटरच्या टायरवर ऐंशी-नव्वद हवा भरून आलेला शहरी स्वार मात्र पहिल्याच शिवारात उतरतो. म्हणून पोस्टकार्डाच्या उत्तरात आम्ही ठळक लिहितो: दोन ट्यूब, पॅच, सोल्युशन, पंप, साखळी तोडायचं हत्यार.

खुणा फक्कीच्या. कबड्डीचं मैदान आखतात तीच पांढरी पूड, तिचे बाण आदल्या संध्याकाळी प्रत्येक वळणावर. काळ्या मातीवर ते लांबून उठून दिसतात, आणि चार दिवसांत आपोआप नाहीसे होतात. ऑइलपेंटचे बाण आम्ही कधीच काढत नाही. ज्या दगडावर गावानं शेंदूर लावलेला नाही त्यावर आपण रंग लावायचा नाही. मोबाइलमधली मार्गाची फाईल सगळ्यांजवळ असते, पण कालव्याच्या आतल्या बाजूला नेटवर्क जातं आणि बाण मात्र तिथेच असतो. गुरांच्या खुरांनी बाण पुसला गेला तर शाळेतली पोरं उभी असतात. शिक्केही तीच मारतात. प्रत्येक गावाचा शिक्का वेगळा: कुठे अंजीर, कुठे कालव्याची मोरी, कुठे नांगर.

आता स्वारीतलीच एक गोष्ट. वाल्ह्याच्या अलीकडे उसाच्या गाड्या गेलेल्या रस्त्यावर पाचट पसरलं होतं. पुढच्या मुलीच्या सायकलीच्या गिअर बदलणाऱ्या मागच्या डिरेलरमध्ये एक लांब पातं अडकलं, तिनं तसंच पेडल मारलं, आणि डिरेलर ज्या छोट्या अ‍ॅल्युमिनियमच्या कानाला लावलेला असतो तो कान मोडून डिरेलर आऱ्यांत गेला. आरे वाचले हे नशीब. तो कान मुद्दामच कच्चा केलेला असतो, फ्रेमला धक्का पोहोचण्याआधी तो तुटावा म्हणून. पण तो सुटा मिळतो पुण्यात. आणि पुणं लांब. सर्वांच्या मागून येणाऱ्या आमच्या शेवटच्या गड्याच्या पिकअपमध्ये सायकल टाकायची तयारी चालू होती, तेवढ्यात फाट्यावरच्या पंक्चरवाल्या मामांनी सायकल हातात घेतली. त्यांनी डिरेलर काढून बाजूला ठेवला. साखळी मधल्या दात्यावर सरळ ओढून पाहिली, एका कडीवर नखानं खूण केली, आणि जुन्या हातोडीनं, एका नटावर टेकवून, पिन ठोकून बाहेर काढली. उरलेले दुवे तोडले, साखळी जोडली, जोडलेली कडी दोन्ही बाजूंनी वाकवून मोकळी केली. मग चाक वर उचलून पेडल फिरवलं आणि आवाज ऐकला. एका जागी किंचित अडखळत होतं, तिथे पुन्हा वाकवलं. पैसे विचारले तर त्यांनी पंक्चरचा दर सांगितला. आम्ही साखळीचे द्यायला लागलो तेव्हा त्यांनी पोरीला फक्त जेजुरीचा चढ उभं राहून मारू नकोस, साखळी ताणेल, एवढं बजावलं. ती एका गिअरवर, बसून, सासवडपर्यंत आली.

लेरोइकाच्या वाटेवर स्वारांनी स्वतः करायची अपेक्षा असलेली ती जुनी कारागिरी इथे अजून पोट भरायचा धंदा आहे. संग्रहालयात ठेवायच्या आधीच ती बघायला मिळते, हे आपलं मोठं भाग्य.

पण टस्कनीतली गोष्ट जशीच्या तशी इथे लागू करता येत नाही. तिथे कच्चा रस्ता वाचवणं म्हणजे डांबर थांबवणं. इथे एखाद्या वस्तीवर जाऊन आम्ही म्हणालो की तुमचा रस्ता असाच ठेवा, फार सुंदर आहे, तर ते क्रूरपणाचं होईल. पावसाळ्यात बाळंतीण न्यायची तर खाटेवर न्यावी लागते अशा वस्त्या आजही आहेत. दुधाची गाडी चिखलात फसली तर दूध नासतं. पोरी दहावीनंतर शाळा सोडतात त्यात रस्त्याचा वाटा असतो. २००० साली सुरू झालेली प्रधानमंत्री ग्रामसडक योजना, २०१५ ची मुख्यमंत्री ग्रामसडक योजना, या योजनांच्या पाट्या गावाच्या तोंडाशी दिसतात तेव्हा त्यामागे कित्येक वर्षांची मागणी असते. आमच्या मार्गातला मुरमाचा एक लांब पट्टा डांबरी झाला तेव्हा तिथल्या लोकांनी आम्हाला पेढे दिले. आम्ही ते आनंदानं खाल्ले आणि मार्ग दुसरीकडून वळवला. सायकलस्वाराच्या मौजेसाठी कुणाची अडचण जपून ठेवायची नसते.

मग इथे वाचवायचं काय? हे मला कळलं ते तलाठ्याच्या कार्यालयातला गावनकाशा बघताना.

नकाशा टेबलावर पसरला, चार कोपऱ्यांवर चार रजिस्टरं ठेवली. गटांचे आकडे, विहिरी, ओढा, देवस्थान, आणि त्या सगळ्यांमधून गेलेल्या तुटक रेघा. एकेरी तुटक रेघ म्हणजे पायमार्ग, दुहेरी तुटक रेघ म्हणजे गाडीमार्ग. पायमार्गाची रुंदी सव्वाआठ फूट, गाडीमार्गाची साडेसोळा ते एकवीस फूट. आम्हाला दोन गावांमधला डांबरी हमरस्ता टाळायचा होता, आणि नकाशावर त्या दोन गावांना सरळ जोडणारी दुहेरी तुटक रेघ होती. तिचा फोटो घेऊन आम्ही जागेवर गेलो. सुरुवातीला पाणंद होती, दोन्ही बाजूंना निवडुंग आणि हिवर, मध्ये खोल चाकोऱ्या. एका विहिरीपुढे ती आक्रसली. मग दीड हात बांध राहिला. मग नुसती ज्वारी, छातीएवढी.

बांधावर एक आजोबा होते. त्यांनी सांगितलं की त्यांच्या वडिलांच्या वेळी इथून दोन बैलगाड्या शेजारून जायच्या. पुढे मोटारी आल्या, लोक हमरस्त्यानं जाऊ लागले, गाड्या बंद झाल्या. मग एका बाजूच्यानं नांगराचं एक तास आत घेतलं, दुसऱ्या वर्षी दुसऱ्या बाजूच्यानं. कुणी एकदम रस्ता खाल्ला नाही. आणि आता पलीकडच्या सहा-सात शेतकऱ्यांना ऊस बाहेर काढायचा तर शेजाऱ्याच्या पिकातून ट्रॅक्टर न्यावा लागतो, त्यावरून दर हंगामाला भांडण.

रस्ता डांबराखाली गेला तर निदान रस्ता उरतो. नांगराखाली गेला तर उरत नाही. कायदा शेतकऱ्याच्या बाजूला आहे. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली वहिवाटीतला अडथळा दूर करायचा अर्ज तहसीलदारांकडे करता येतो. जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ खाली बांधावरून रस्ता मागता येतो. पाणंद रस्त्यांसाठी २०२१ साली मातोश्री ग्रामसमृद्धी योजना आली. पण अर्ज करायचा म्हणजे शेजाऱ्याविरुद्ध, बहुधा भावकीतल्याच माणसाविरुद्ध, उभं राहायचं. त्यामुळे माणसं गप्प बसतात आणि तासागणिक रस्ता जातो.

वर्षातून एक दिवस सायकली गेल्यानं वहिवाट सिद्ध होत नाही, हे मला माहीत आहे. पण दीडदोनशे माणसं, त्यात गावातली पोरं, शिक्षक, दूधवाले काका, एका पाणंदीतून उघड्यावर गेले की ती पाणंद सगळ्यांच्या तोंडी येते. ग्रामसभेत तिचं नाव निघतं. ज्यानं दोन तासं आत घेतली त्याच्याच पोरानं बाणापाशी उभं राहून शिक्के मारलेले असतात. मग त्याच्याशी बोलायला जागा होते, आणि ते बोलणं भांडणाचं नसतं. गेल्या खेपेला अशाच एका बोलण्यातून, कुठलाही अर्ज न होता, ओढ्याजवळचा तुकडा दोन्ही शेजाऱ्यांनी मिळून मोकळा केला. गावानंच मुरूम टाकला. आम्ही फक्त त्यावरून गेलो, आणि जाताना तिथल्या पिठल्याचे पैसे दिले.

ब्रोच्ची यांचा डाव इथे असा उलटा पण त्याच हेतूनं खेळता येतो. माणसं आणली की रस्त्याची किंमत कडेच्या घराला दिसते. तिथे ती किंमत पर्यटनाची आणि वाइनची आहे. इथे उसाची ट्रॉली विनाभांडण बाहेर निघण्याची आहे, पोरीला सायकलवर शाळेत जाण्याची आहे. सायकल दोन्हीकडे निमित्त. मात्र निमित्त चांगलं हवं, म्हणून फक्की वेळेवर पडली पाहिजे, भाकरी गरम हवी, शेवटचा गडी शेवटच्या माणसाच्या मागेच राहिला पाहिजे. नकाशाच्या बाजूला हे सगळं किरकोळ वाटेल. पण एकदा जरी कुणी अंधारात वाट चुकलं किंवा कुणाच्या पिकात कचरा पडला, तर पुढच्या वर्षी गाव आम्हाला बोलावणार नाही, आणि पाणंदीचा विषयही आमच्यासकट बाहेर जाईल.

यंदाच्या मार्गात ज्वारीतली ती दुहेरी तुटक रेघ घ्यायची इच्छा आहे. पलीकडच्या शेतकऱ्यांनी या वेळी अर्ज केला आहे, स्थळपाहणी झाली आहे, आणि दोन्ही बाजूंच्या मालकांशी सरपंचांच्या ओसरीवर बैठकही झाली. पीक निघेपर्यंत कुणी हात लावायचा नाही, एवढं तिथे सर्वानुमते ठरलं. ज्वारी निघते ती आमच्या रविवारनंतर. म्हणून या वर्षी त्या गावातला बाण हमरस्त्याकडेच वळेल, आणि विहिरीपाशी जिथे पाणंद आक्रसते तिथपर्यंत मुलांचा तीस किलोमीटरचा फेरा जाऊन परत येईल. पोस्टकार्डं यायला लागली आहेत.